आधी वही, मग ॲप: पापड-बिबड्यांच्या घरगुती धंद्याला कोणती डिजिटल साधनं लागतात

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अमळनेरला घरीच उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया आणि काळा मसाला करता. हंगामात हाताशी सहा बायका असतात. महिन्याला साधारण दीड लाखाचा माल जातो आणि त्यात पंचवीस टक्के सुटतात. ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॲपवर, त्यातल्या बऱ्याच सुरतच्या नात्यागोत्यातून. आता मुलगा म्हणतो वेबसाइट करू. एका एजन्सीने महिना १५,००० रुपयांचं पॅकेज सांगितलंय, त्यात बारा पोस्ट, चार रील आणि गूगलवर ‘वर आणून देणं’. यातलं काय घ्यावं, काय सोडावं आणि आणखी कुठली साधनं आहेत, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावात राहून चौदा वर्षं हेच काम करतोय. डाळमिलवाले, चटईवाले, केळी वेफर्सवाले, सावदा-फैजपूरकडचे रोपवाटिकावाले, गल्लीतले टेलर, सगळ्यांबरोबर बसलोय. तुमच्यासारखा प्रश्न दर फाल्गुनात येतो, कारण पापडाचा हंगाम तोंडावर आला की एजन्सीवाले फिरायला लागतात.

आधी पॅकेजचा हिशेब मांडू. दीड लाखावर पंचवीस टक्के म्हणजे हातात ३७,५०० रुपये. त्यातले १५,००० गेले तर नफ्याचे शंभरातले चाळीस रुपये गेले. तुमची सरासरी ऑर्डर ६०० रुपयांची धरली तर एका ऑर्डरीमागे १५० रुपये सुटतात. म्हणजे नुसतं पॅकेज वसूल व्हायला महिन्याला १०० नवीन ऑर्डरी पाहिजेत. त्या शंभर ऑर्डरींचे पापड लाटायला सहा बायका पुरतील का, हा पुढचा प्रश्न. हा हिशेब एजन्सीवाल्यासमोर मांडा आणि विचारा की यातल्या किती ऑर्डरी तुम्ही आणाल. तो फॉलोअर, रीच आणि लाइकबद्दल बोलायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं. एजन्सी वाईट असते असं मी म्हणत नाही. पण महिन्याचं बांधील पॅकेज तुमच्या आकाराच्या धंद्याला आज झेपणारं नाही.

आता साधनं. पण त्याआधी एक काम आहे आणि ते मी प्रत्येकाकडून करून घेतो. एक चौकटीची वही घ्या. मागच्या तीस ऑर्डरी आठवून, व्हॉट्सॲप वर सरकवत, एकेक लिहून काढा. कोणी मागवलं, कुठल्या गावाहून, तुमच्याबद्दल त्यांना कुठून कळलं, पहिल्या मेसेजला तुम्ही किती वेळाने उत्तर दिलं, पैसे कसे आले, माल कसा गेला, पुन्हा मागवलं का. शिवाय ज्यांनी भाव विचारला आणि घेतलं नाही, असे पंधरा-वीस जणही त्याच वहीत उतरवा. हे दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त शिकवतात.

दोन वर्षांपूर्वी दोंडाईचाच्या एका मसालेवाल्या वहिनींकडे मी असाच बसलो होतो. तिथे मिरचीचा मोठा बाजार, माल एक नंबर. त्यांचं म्हणणं होतं की विक्री वाढत नाही, इन्स्टाग्रामवर जाहिरात करून द्या. मी म्हटलं फोन दाखवा. व्हॉट्सॲप उघडलं तर वर सगळे ‘शुभ सकाळ’, भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, आणि मध्येमध्ये गिऱ्हाइकं. एका बाईने दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी विचारलं होतं, ‘काळा मसाला कितला रुप्या किलो?’ उत्तर गेलं होतं रात्री साडेनऊला, कारण दिवसभर वहिनींचे हात मिरचीत. त्या बाईने ‘बरं’ एवढंच लिहिलं होतं, पुढे काही नाही. आम्ही दोघांनी खाली सरकवत असे मेसेज मोजले. एका महिन्यात चाळीसच्या वर निघाले. म्हणजे गिऱ्हाईक दारापर्यंत येत होतं, दार उघडायला कोणी नव्हतं. जाहिरात दिली असती तर असेच आणखी शंभर मेसेज रात्रीपर्यंत पडून राहिले असते आणि जाहिरातीचे पैसे वर गेले असते.

म्हणून माझा नियम असा की ऑर्डर जिथे अडते, तिथलं साधन पहिलं घ्यायचं. लोकांना माहीतच नसाल तर एक साधन, विचारून परत जात असतील तर वेगळं, एकदा घेऊन पुन्हा येत नसतील तर तिसरंच. तुमच्या प्रश्नात तुम्हीच लिहिलंय की ‘दिवसा फोन बघायला होत नाही’. त्यावरून मला वाटतं तुमची गाडीही दोंडाईचाच्याच जागी अडलीय. वही लिहिली की खात्री होईल.

तसं असेल तर पहिलं साधन व्हॉट्सॲप बिझनेस. ते फुकट आहे. घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळा करा, त्यासाठी नवीन सिम घ्या. घरी लँडलाइन असेल तर तीही चालते, पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. पण जुनी गिऱ्हाइकं ज्या नंबरावर येतात तो एकदम बंद करू नका. एखादा हंगाम दोन्ही ठेवा आणि जुन्यावर आलेल्याला नवीन नंबर देत जा.

त्यात कॅटलॉग भरा. ५०० वस्तूंपर्यंत जागा आहे, तुमच्या बारा-पंधराच होतील. प्रत्येकीचा फोटो, वजन, भाव, आणि एका किलोत किती नग बसतात ते. हे नग लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडची बाई किलोत विचारते पण मनात नग मोजते. मग ‘क्विक रिप्लाय’ बनवा. तिरकी रेघ मारून ‘भाव’ लिहिलं की पूर्ण भावपत्रक जातं, ‘सुरत’ लिहिलं की सुरतेला माल कधी निघतो आणि भाडं किती ते जातं. स्वागताचा मेसेज लावा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आणि १४ दिवस काही न बोललेल्याला तो आपोआप जातो. त्यात ‘आपले स्वागत आहे’ लिहून थांबू नका. लिहा की ‘राम राम, आम्ही सकाळी ८ ते १ कामावर असतो, भाव वर कॅटलॉगमध्ये आहेत, दुपारी दीडला नक्की उत्तर देते’. आणि मग दुपारी दीडला खरंच द्या. मुलगा घरी असेल तर त्याच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर हाच नंबर जोडता येतो, उत्तरं त्याला देऊ द्या. वेबसाइटपेक्षा आज त्याची ही मदत जास्त मोलाची आहे.

लेबलं वापरा, ‘भाव विचारला’, ‘पैसे यायचे’, ‘माल गेला’, ‘अखाजीला घेणार’ (अखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया). रोज संध्याकाळी ‘भाव विचारला’ उघडायचं आणि प्रत्येकाला एक ओळ टाकायची. पैशासाठी यूपीआयचा क्यूआर क्विक रिप्लायमध्येच ठेवा आणि नवीन गिऱ्हाइकाकडून अर्धे आधी घ्या.

ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, तिच्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. एका यादीत २५६ जण बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका, ‘आमचा नंबर सेव्ह करा, नव्या मालाची खबर मिळेल’. आणि कोणी ‘दोनशे रुपयांत लाख मेसेज’ असं सॉफ्टवेअर विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या बाहेरच्या सॉफ्टवेअरमुळे नंबर कायमचा बंद झालेले तीन धंदेवाले मी स्वतः पाहिलेत. व्हॉट्सॲपची मोठ्या कंपन्यांसाठीची अधिकृत सेवा वेगळी आहे. तिथे जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजला पैसे पडतात आणि तिची तुम्हाला आज गरज नाही. मोठ्या प्रमाणावर एसएमएस टाकायचे तर दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, तोही खटाटोप आत्ता नको.

दुसरं साधन म्हणजे गूगलच्या नकाशावरची नोंद, तिला आता गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. हीसुद्धा फुकट. एजन्सी ‘गूगलवर वर आणू’ म्हणते त्यातलं निम्मं काम हेच असतं आणि ते तुम्ही एका दुपारी करू शकता. एक गोष्ट बायकांना सहसा कोणी सांगत नाही. धंदा घरून असेल तर घराचा पत्ता लोकांपासून लपवता येतो, फक्त कुठल्या भागात माल देता ते दाखवायचं. अनोळखी माणसं दारात उभी राहण्याची भीती असेल तर हे नक्की करा. पडताळणीला हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो एकसलग काढायचा, मध्ये तोडायचा नाही, आणि त्यात गल्ली, दार, काम चालतं ती जागा, पापडाचं यंत्र किंवा लाटण्या-पोळपाट, वजनकाटा, पॅकिंगचं सामान असं सगळं यायला हवं. नावात ‘बेस्ट नंबर वन पापड अमळनेर’ असलं काही भरू नका, पाटीवर आहे तेच नाव द्या. वर्णनात मात्र ‘बिबड्या’, ‘बिबडी’, ‘ज्वारीचे पापड’, ‘खान्देशी काळा मसाला’ असं लोक बोलतात तसं सगळं येऊ द्या. पुण्यात वाढलेली खान्देशची सून कदाचित ‘ज्वारीचे पापड’ असंच शोधेल.

अभिप्राय मागायला लाजू नका. माल पोचल्यावर दोन दिवसांनी दुवा पाठवा आणि सांगा, ‘कसे तळले गेले ते दोन ओळी लिहा’. भाचे-पुतण्यांना बसवून खोटे तारे मात्र देऊ नका. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानकच काढलंय, आणि गूगलही संशय आला तर अभिप्राय उडवतं. त्याहून मोठं कारण म्हणजे अमळनेर लहान आहे, कोण कोणाचा भाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता फोटो. माझ्या अनुभवात खाण्याच्या धंद्यात पैशांइतकाच फरक फोटोने पडतो, आणि तिथे तुमच्याकडे जे आहे ते मुंबईच्या स्टुडिओत नाही. सकाळी आठ-साडेआठचं ऊन, गच्चीवर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर थापलेल्या ओल्या बिबड्यांच्या रांगा. एक वाळलेली बिबडी हातात घेऊन उन्हासमोर धरा. तिच्यातून उजेड येतो, तीळ काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, कडेला बोटांचे दाब दिसतात. हा एक फोटो जवळून काढा. दुसरा तळतानाचा, तेलात टाकल्यावर फुलते त्या दोन सेकंदांचा व्हिडिओ. तिसरा ताटातला, शेवभाजीच्या बाजूला. बस. मागे प्लास्टिकची बादली, चपला, कपडे वाळत घातलेली दोरी येऊ देऊ नका. फोनची काच पदराने पुसून घ्या, निम्मे फोटो त्यानेच सुधारतात.

भावपत्रक आणि सणाची पाटी करायला कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप पुरतं, त्याची फुकट आवृत्तीच घ्या. अक्षरासाठी ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) घ्या, हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले फॉन्ट आहेत, जोडाक्षरं नीट उमटतात. छापण्याआधी ‘कुरड्या’, ‘शेवया’, ‘प्रति किलो’ हे शब्द मोठे करून बघा, ‘प्र’चा तुकडा पडलेला नाही ना. पाकिटावर तुमचा खाद्यसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी नंबर असलाच पाहिजे आणि कॅटलॉगमध्येही त्याचा फोटो ठेवा. दूरचं गिऱ्हाईक तो बघतं.

आता मुलाचा प्रश्न, इन्स्टाग्राम की फेसबुक की यूट्यूब. एकच घ्या. कुठलं, ते वहीतला दुसरा रकाना सांगेल. तुमचं गिऱ्हाईक सुरतेच्या उधना, लिंबायत भागात असेल, चाळिशीच्या पुढची बाई असेल, तर मी फेसबुक म्हणेन. तिथे खान्देशी मंडळींचे ग्रुप भरलेले असतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुली असतील तर इन्स्टाग्राम. रील महिन्याला चार चांगल्या पुरतात आणि त्या घरीच होतात. त्यात संगीत भरण्याऐवजी तुमच्या सोबतच्या एखाद्या मावशींना अहिराणीत बोलू द्या. बिबड्याचा घाटा किती शिजवायचा, उन्हात कधी उलटायच्या, हे त्या जसं सांगतील तसं. पंचवीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाच्या कानावर अहिराणी पडली की त्याचा अंगठा थांबतो. हे मी एकदा नाही, दर अखाजीला बघतो. फक्त मावशींना आधी विचारा, त्यांची तयारी असेल तरच चेहरा दाखवा, आणि त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या.

जाहिरात कधी करायची? दुपारी दीडची उत्तरं तीन आठवडे नियमाने गेली, कॅटलॉग भरला, मालाचा साठा आहे, तेव्हा. तोवर एक रुपया घालू नका. मग एकच प्रकार करा, जी जाहिरात दाबल्यावर थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. फेसबुकवर ‘बूस्ट’चं बटण सोपं आहे, पण ते दाबण्याआधी भाग नीट निवडा, नाहीतर पैसे अशा लोकांवर जातात जे कधी पापड मागवणार नाहीत. नकाशावर उधन्याजवळ टाचणी ठोका, भोवतीचे थोडे किलोमीटर घ्या, भाषा मराठी ठेवा. दिवसाला २०० रुपये, सात दिवस. १,४०० रुपये झाले, वर १८ टक्के जीएसटीचे २५२, एकूण १,६५२. तुमच्या १५० रुपये सुटणाऱ्या हिशेबाने अकरा-बारा ऑर्डरींत ते निघतात. आठव्या दिवशी वही उघडा. किती जणांनी लिहिलं, किती जणांनी घेतलं. चारच आल्या असतील तर फोटो बदलून एकदाच पुन्हा करा, आणि तरी नाही जमलं तर थांबा. पुढे कधी गूगलवर जाहिरात केलीत तर एक खाच लक्षात ठेवा. तिथे ठिकाणाच्या सेटिंगमध्ये त्या भागात ‘असलेले’ आणि त्या भागात ‘रस असलेले’ असे दोन्ही लोक आधीच निवडलेले असतात. पहिलं तेवढंच ठेवा.

वेळ साधा. अखाजीला लेकी माहेरी येतात आणि जाताना वर्षाचे पापड घेऊन जातात. सुरतेची मंडळीही तेव्हा गावी येतात. म्हणून जाहिरात अखाजीच्या तीन-चार आठवडे आधी हवी, तीही ‘आत्ता सांगून ठेवा, गावी आलात की तयार मिळेल’ अशी. त्यात पार्सलचा आणि तुटण्याचा प्रश्नच मिटतो. बाकी वर्षभर सुरतेला माल धाडायला अमळनेरहून ताप्ती लाइनची सोय आहेच, पण पापड हलका आणि ठिसूळ. दूरच्या शहरात जाहिरात करण्याआधी स्वतःच्याच ओळखीच्या घरी एक डबा कुरियरने पाठवून किती नग अख्खे पोचले ते मोजून घ्या. दहातले तीन तुटत असतील तर आधी डबा बदला.

वेबसाइट यंदा नको. तुमच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मात्र आजच घेऊन ठेवा, वर्षाला हजाराच्या आतबाहेर जातं, नाव दुसऱ्याने घेतलं तर परत मिळणं अवघड. गूगल पूर्वी नकाशाच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट द्यायचं. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानदारांनी तीच पाटीवर, बिलावर छापली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. स्वतःचं डोमेन असतं तर तेच नाव दुसरीकडे वळवता आलं असतं. वर्षभरात बाहेरगावच्या ऑर्डरी महिन्याला शंभराच्या पुढे गेल्या, दुकानदार घाऊक भाव विचारायला लागले, की मग साइटचा विचार करू. जळगावच्या चटईवाल्याला मी उलटं सांगतो. त्याचं गिऱ्हाईक परराज्यातला घाऊक व्यापारी, तो माल घेण्याआधी कंपनी तपासतो. त्याला पहिल्या दिवसापासून साइट आणि इंडियामार्ट या घाऊक व्यापाराच्या साइटवरची नोंद लागते. तुमचं तसं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलो ती. यादी आणि चाव्या.

टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं. धुळ्याकडचा एक पोरगा त्यावर खान्देशी मसाला विकायचा, हजारोंनी लोक त्याला बघायचे. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एकाचाही फोन नंबर नव्हता. तो माझ्यासमोर बसून रडला. पुढच्या वर्षी ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सहा तासांच्या आसपास बंद पडले. घटस्थापना तीन दिवसांवर होती. ज्या दुकानदारांकडे गिऱ्हाइकांची वेगळी यादी होती त्यांनी सकाळी उठून फोन लावले, बाकीचे घाबरून बसले. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, नंबर, काय घेतलं, कधी घेतलं, हे गूगल शीटमध्ये किंवा त्याच चौकटीच्या वहीत आठवड्याला उतरवत जा. पापड वर्षातून एकदाच घेतला जातो, त्यामुळे मागच्या चैत्रात कोणी काय घेतलं हे या चैत्रात माहीत असणं हेच तुमचं सगळ्यात मोठं साधन. ‘मावशी, मागच्या वर्षी तीन किलो बिबड्या नेल्या होत्या, यंदा किती ठेवू?’ या एका फोनची बरोबरी कुठलीच जाहिरात करत नाही. नंबर घेताना ‘नव्या मालाची खबर पाठवू का’ असं विचारा आणि ती यादी कोणालाही देऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय. आणि कायदा नसता तरी बायकांचे नंबर आहेत ते.

चाव्या म्हणजे पासवर्ड. माझ्याच एका गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. भुसावळकडचं फराळाचं दुकान. माझ्याकडे येण्याआधी त्यांचं फेसबुक पेज आणि नकाशावरची नोंद एका दुसऱ्या एजन्सीने स्वतःच्या जीमेलवरून काढली होती. पैशांवरून वाजलं आणि एजन्सीने फोन उचलणं बंद केलं. पेजवर जुने भाव, नकाशावर जुना नंबर. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी त्या जुन्या नंबरावर जात राहिल्या आणि आम्हाला ती नोंद ताब्यात घ्यायला दिवाळी उलटून गेली. त्या काकांनी सहा वर्षं जमवलेले अभिप्राय पणाला लागले होते. तेव्हापासून मी कुठलंही काम घेताना पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याच्याच नंबरावर, त्याच्याच जीमेलवर खातं उघडून घेतो आणि स्वतःला फक्त ‘मॅनेजर’ म्हणून जोडतो. तुम्हीही तसंच करा. मालक तुम्ही, दुसरा मुलगा, तिसरा कोणीही असला तरी मॅनेजर. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा. फोनवर ‘ओटीपी सांगा, तुमची गूगलची नोंद बंद होतेय’ म्हणणाऱ्याला काही सांगू नका. डोमेनचं बिल तुमच्या नावाचं हवं. सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून जिथे सोन्याच्या पावत्या ठेवता तिथे ठेवा.

एजन्सीवाल्याला परत पाठवायचंच असं नाही. त्याला म्हणा, महिन्याचं नको, एका दिवसाचं काम द्या. उन्हाच्या दिवशी येऊन फोटो आणि सहा छोटे व्हिडिओ काढून द्यायचे, मूळ फाइल आमच्याकडे, पैसे एकदाच. चांगला माणूस असेल तर तो हो म्हणेल. पहिल्या हंगामाचा खर्च मी असा धरेन: नवीन सिम आणि रिचार्ज, डोमेन, एका दिवसाचे फोटो, अखाजीआधीची एक जाहिरात, चिठ्ठ्या छापणं. पॅकेजच्या एका महिन्याच्या पैशांत पूर्ण हंगाम निघतो.

आणि पाकिटं छापायला टाकण्याआधी एक काम राहिलंय. पाकिटावर क्यूआर टाकणार असाल तर तो साधा, न बदलणारा बनवा, ज्यात तुमच्या व्हॉट्सॲपचा दुवा थेट भरलेला असतो. इंटरनेटवर फुकट क्यूआर देणाऱ्या बऱ्याच साइट मधे स्वतःचा दुवा घालतात, आणि चाचणीची मुदत संपली की पैसे भरा म्हणतात. यावलच्या एका वेफर्सवाल्यांना मी स्वतः असा क्यूआर करून दिला होता, दोन हजार पाकिटांवर छापला गेला, आणि दोन आठवड्यांत मेला. ती पाकिटं मी माझ्या पैशाने पुन्हा छापून दिली. तेव्हा छापखान्यात नमुना आला की तो एका जुन्या फोनवर, एका नव्या फोनवर, आणि थोडं तेल लागलेल्या पाकिटावरही चालवून बघा, मगच बाकीची छापायला सांगा.